मुद्दाम गोठवलेला थेंब

"तू ही व्हायल फ्रीझरमध्ये ठेवली होतीस का?"

"नाही. खाली फ्रिजमध्ये ठेवली होती."

"नक्की?"

"नक्की."

"परत एकदा आठवून बघ, सुकेशिनी. फ्रीझरमध्ये ठेवलीस, मग लक्षात आलं आणि गुपचूप खाली फ्रिजमध्ये आणलीस, असं काही झालं का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझी पक्की खात्री होती. दुसऱ्यांदाही होती. तिसऱ्यांदा मात्र ती डळमळली. माझं हे लहानपणापासूनचं आहे. कुणी एकच गोष्ट तीनदा विचारली की मला स्वतःच्या मिरगणे आडनावाचीही शंका यायला लागते.

विचारणारा शैलेंद्र बागवे आमच्या लॅबमधला सगळ्यांत जुना पीएचडीचा विद्यार्थी. मालवणचा, तोंडाने फटकळ आणि मनाने बरा. मी बार्शीची, एमएस्सी होऊन पुण्याच्या त्या संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून नुकतीच चिकटलेली. नोकरी कंत्राटी होती आणि कंत्राट मार्चअखेर संपत होतं. ते वाढवायचं की नाही हे आमच्या मॅडम ठरवणार होत्या, आणि वाढलं तर त्यांच्याच हाताखाली पीएचडीला नाव नोंदवायचं असं माझं मनातल्या मनात ठरलेलं होतं. नाहीतर बार्शीला परत जायचं. तिथे मामांनी एक स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

शैलेंद्रच्या हातात होती ती व्हायल, म्हणजे करंगळीच्या पेराएवढी बाटली, आणि तिच्या तळाशी गुलाबी पाणी. ती अँटीबॉडी होती. उंदराच्या रक्तात आणि प्लीहेत प्रतिकार करणाऱ्या नाना तऱ्हेच्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर बऱ्याचशा सारख्याच. फरक असतो तो त्यांच्या अंगावरच्या खुणांमध्ये. एकेक अँटीबॉडी एकेकच खूण ओळखते आणि तिला जाऊन चिकटते. अँटीबॉडीला रंग लावलेला असतो, म्हणून ती चिकटलेली पेशी मशीनमधून जाताना चमकते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. ठिपके मोजले की पेशी मोजल्या. शैलेंद्रला मोजायच्या होत्या 'नॅचरल किलर' पेशी, ज्या कर्करोगाच्या गाठीवर सगळ्यांत आधी तुटून पडतात. त्याच्या औषधाने त्या वाढतात असं त्याने प्रबंधात लिहिलं होतं, आणि ज्या नियतकालिकाकडे त्याने लेख पाठवला होता त्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हणून कळवलं होतं.

आणि पडदा कोरा होता. औषध दिलेला उंदीर कोरा, न दिलेला उंदीरही कोरा. जणू त्या उंदरांच्या अंगात ती पेशी देवाने घातलीच नव्हती.

"हा रंग एकदा गोठला की मेला," शैलेंद्र म्हणाला. "म्हणून त्यावर ठळक लिहितात, गोठवू नका. पार्सल कुणी घेतलं? तू. त्यातली बाकीची एन्झाइम्स फ्रीझरमध्ये कुणी ठेवली? तू. आणि ही तेवढी आठवणीने फ्रिजमध्ये ठेवलीस?"

"हो."

"बघ बाबा. नवी मागवायची तर परदेशातून येणार. तोवर माझ्या लेखाचे बारा वाजलेले असतील."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तिथल्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं. पाच-सहा वर्षं घासलेला माणूस असा बसलेला बघवत नाही. त्याच्याकडे बघता बघता मलाच दिसायला लागलं, की मी पार्सल उघडते आहे, सगळ्या बाटल्या एकदम उचलते आहे, फ्रीझरचं दार उघडते आहे. तसं झालं नव्हतं. पण दिसत होतं, अगदी थंड वाफेसकट.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक. बार्शीच्या स्टँडवरच्या केबिनमध्ये माइक समोर घेऊन बसायचे, त्यामुळे फोनवर बोलतानाही मधेच "एक मिनिट हं" म्हणून कुर्डुवाडीची नाहीतर लातूरची गाडी पुकारायचे. मी त्यांना अँटीबॉडी वगैरे न सांगता एवढंच सांगितलं, की एक महागाची बाटली खराब झाली आहे आणि सगळ्यांना वाटतंय ती मी खराब केली.

"तू केली का?"

"नाही. म्हणजे... नाही, बाबा."

"मग आसं कर. मॅडमकडं जा आन् म्हण, चुकलं माझ्याकडनं."

"पण मी केलीच नाही तर?"

"आगं, तुला काय कळतंय का? वरच्या माणसाला उत्तर नको आसतंय. त्याला समोरच्याची मान खाली दिसली की झालं. चुकलं म्हणलं की निम्मा राग तिथंच उतरतोय. मी काय एवढी वर्षं उगंच काढली व्हय? गाडी डेपोतनंच उशिरा सुटली तरी मीच चुकलं म्हणतो. वाद घालणारी पोरं कवाच कुठं कुठं बदलून गेली, मी हाय हितंच. सॉरी म्हणून मोकळी हो."

बाबांचं म्हणणं मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच होतं. रात्रभर त्या फ्रीझरचं दार डोळ्यांपुढे उघडझाप करण्यापेक्षा एकदा "चुकलं" म्हणून टाकणं सोपं होतं.

आमच्या मॅडम, डॉ. निर्मला खोब्रागडे, मूळच्या भंडाऱ्याच्या. पुण्यात पंचवीसएक वर्षं काढूनही त्यांचा राग पुण्याचा झाला नव्हता. एरवी छापील मराठी बोलायच्या, पण डोकं फिरलं की सरळ घरची भाषा सुरू व्हायची. ती सुरू झाली की लॅबमधले लोक आपापल्या नळ्यांत डोकं घालून बसायचे. उंची जेमतेम पाच फूट, पण त्या दारात उभ्या राहिल्या की दार भरल्यासारखं वाटायचं. त्यांनी कुणाची पाठ थोपटलेली मी तोवर बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मी त्यांच्या खोलीत गेले. शैलेंद्र आधीच जाऊन सांगून आला होता. मी उभी राहिले आणि बाबांनी सांगितलेलं वाक्य घडाघडा म्हणून टाकलं.

"मॅडम, ती व्हायल माझ्याकडून चुकून फ्रीझरमध्ये गेली होती. सॉरी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता वीज पडणार. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "केव्हा ठेवलीस?"

हे बाबांच्या हिशेबात नव्हतं. चुकलं म्हटल्यावर प्रश्न संपतात असं त्यांचं म्हणणं होतं.

"पार्सल आलं तेव्हा."

"मग खाली फ्रिजमध्ये केव्हा आणलीस?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"काढलीस तेव्हा आत बर्फ झाला होता?"

"हो. झाला होता."

"पूर्ण की अर्धा?"

"पूर्ण," मी म्हणाले. मग उगाच आणखी खरं वाटावं म्हणून पुढे जोडलं, "हातात धरून वितळवला मी."

मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. व्हायल माझ्याकडे आणून दे. उद्या सकाळी लॅबमध्ये ये."

"उद्या शनिवार आहे, मॅडम."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

बाहेर आले तर हलकं वाटत होतं. बाबांचं गणित बरोबर निघालं म्हणायचं. शैलेंद्रने चक्क मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि म्हणाला, "जाऊ दे गं, कबूल केलंस ना, संपलं. माझ्या हातूनही पहिल्या वर्षी एक अख्खा सेंट्रिफ्यूज गेला होता." इतक्या प्रेमाने तो माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता. न केलेल्या गुन्ह्याची माफी इतकी गोड लागते हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी लॅब रिकामी होती. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या, आणि ऑफिसमध्ये नव्हे, प्रयोगाच्या टेबलाशी. साडीवर पांढरा कोट, केसांचा अंबाडा रबराने आवळलेला, हातात थेंब मोजून सोडायची पिपेट. मी त्यांना तोवर पिपेट धरताना बघितलंच नव्हतं. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने मॅडम म्हणजे सही करणारा हात. पण त्यांचा अंगठा त्या पिपेटवर असा पडत होता, की कालच सोडून गेल्यात असं वाटावं.

"उभी राहा इथे. हात लावू नको, नुसतं बघ."

त्यांच्या समोर दोन छोट्या नळ्या होत्या. त्यांनी एका बाटलीतून दोन्ही नळ्यांत दुधाळ पाण्याचा एकेक थेंब सोडला.

"हे काय आहे?"

"मणी, मॅडम. प्लास्टिकचे." हे मला माहीत होतं. डोळ्यांना न दिसणारे बारीक मणी असतात ते. त्यांना उंदीर कुठला, पेशी कुठली, याच्याशी देणंघेणं नसतं. समोर येईल ती अँटीबॉडी ते धरून ठेवतात. मशीन जुळवायला आम्ही ते रोज वापरत होतो.

"पहिल्या नळीत तुझ्या व्हायलमधली अँटीबॉडी." त्यांनी ती घातली. मग खिशातून आणखी एक चिमुकली नळी काढली. "आणि दुसरीत हिच्यातली. तीही तुझ्याच व्हायलमधली. फक्त काल संध्याकाळी घरी जाताना मी यातला एक थेंब मुद्दाम फ्रीझरमध्ये ठेवून गेले होते. सकाळी काढला. हातात धरूनच वितळवला, तू म्हणालीस तसा."



आम्ही मशीनच्या खोलीत गेलो. दुसरी नळी आधी लावली. पडद्यावर ठिपके आले, पण अगदी डावीकडे, दमलेले, एकमेकांना चिकटून बसलेले. रंग मेला होता. मग मॅडमनी पहिली नळी लावली आणि ठिपक्यांचा पुंजकाच्या पुंजका पडद्याच्या उजव्या टोकाला जाऊन बसला. इतका लखलखीत, की मशीनची संवेदनशीलता कमी करावी लागली.

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"ही गोठलेली अँटीबॉडी आहे का?"

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"तुला विचारून राहिली मी. ही गोठली होती का?"

"नाही, मॅडम."

"मग बर्फ कुठे दिसला तुला? पूर्ण बर्फ? हातात धरून वितळवला म्हणालीस. काय वितळवलं?"

आवाज चढला नव्हता, पण भाषा भंडाऱ्याला पोहोचली होती. मला वाटत होतं, की मी निर्दोष ठरले म्हणजे आता सुटले. प्रकरण उलटंच निघालं.

"तू काऊन असं केलं? मी तुला एक गोष्ट विचारली, तू मला तीन गोष्टी बनवून सांगितल्या. केव्हा ठेवली, केव्हा काढली, बर्फ किती. हा काय आहे माहीत आहे? हा बनवलेला डेटा आहे. माझ्या लॅबमध्ये हाताने काच फुटली तर मी विचारत नाही. पण न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगणारं माणूस मी ठेवत नाही. आज न केलेली चूक केली म्हणशील, उद्या न केलेला प्रयोग केला म्हणशील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जी नोकरी वाचवायला खोटं बोलले, ती त्याच खोट्यापायी निघाली होती. मार्चअखेर, मामा, ते स्थळ, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मला रडू कोसळलं. रडता रडता मी सगळं सांगून टाकलं. शैलेंद्रने तीनदा विचारल्याचं, फ्रीझरचं दार दिसायला लागल्याचं, बाबांच्या फोनचं.

"वडील काय करतात?"

"एसटीत आहेत. वाहतूक नियंत्रक. ते म्हणाले, चुकलं म्हटलं की राग उतरतो."

मॅडमनी मशीन बंद केलं नाही, पण त्या खुर्चीवर टेकल्या. मलाही बाजूच्या स्टुलावर बसायची खूण केली. मग पडद्याकडे बघतच बोलायला लागल्या.

"मी अकरावीत होते. कॉलेजच्या लॅबमध्ये एक काचेचं ब्युरेट फुटलं. मी त्या टेबलाच्या जवळपासही नव्हते. सर आले आणि सगळ्यांना सोडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला कळत होतं, वर्गालाही कळत होतं. मी म्हटलं, सॉरी सर. मला वाटलं, एवढ्यावर मिटेल. मिटलंच. सर काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून वर्षभर लॅबमध्ये काहीही फुटलं की सगळी पोरं मागे वळून माझ्याकडे बघायची. एकदा कबूल केलं होतं ना मी."

त्या माझ्याकडे वळल्या. 

"खोटी कबुली स्वस्त वाटते, सुकेशिनी. ती फार महागात जाते. ती पुसता येत नाही, कारण ती तुझ्या स्वतःच्या तोंडची असते. पुन्हा कधी दिलीस तर मी तुला खरोखर काढून टाकीन. कळलं?"

"कळलं, मॅडम."

"डोळे पूस. आता कामाचं बोल. व्हायल चांगली आहे. मशीन चांगलं आहे. शैलेंद्रचा हात चांगला आहे, मी बघितलाय. मग दिसत का नाहीयेत पेशी? काय उरलं?"

मी नाक ओढत म्हणाले, "उंदीर."

हे मी काही फार विचार करून बोलले नव्हते. बाकी सगळं त्यांनीच बाजूला काढलं होतं, उरलं तेवढं मी सांगितलं.  पण मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

"काळे होते," त्या पुटपुटल्या. "आधीचे सगळे काळे होते."

खरंच, आधीचे उंदीर काळे होते. थंडीत आमच्या प्राणिगृहात साथ शिरली आणि ती सगळी काळी वसाहत काढून टाकावी लागली. शैलेंद्र हवालदिल झाला, तेव्हा मॅडमनीच आपल्या एका मैत्रिणीला फोन करून दुसऱ्या संस्थेतून उंदीर मिळवले. ते पांढरे होते, बाल्ब-सी जातीचे. नेमकी त्याच आठवड्यात जुनी व्हायल संपली आणि मी घेतलेल्या त्या पार्सलमधून नवी आली. दोन गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. आम्ही सगळे व्हायलच्या मागे लागलो आणि साप समजून भुई धोपटत बसलो.

"ही अँटीबॉडी जी खूण ओळखते ती काळ्यांच्या पेशींवर असते," मॅडम म्हणाल्या. "या पांढऱ्यांत पेशी असते, काम तेच करते, पण अंगावरची ती खूण वेगळ्या घडणीची असते. अँटीबॉडी तिला ओळखतच नाही. आणि हे मला माहीत आहे. अगं, मी हे मुलांना शिकवते. उंदीर मिळतायत म्हटल्यावर मी आनंदात हो म्हणून टाकलं."

तरी त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांना आठवलं म्हणून खरं, हेही त्यांना चालणारं नव्हतं. शेजारच्या विभागात काळे उंदीर होते. मॅडम स्वतः गेल्या, तिथल्या सरांना घरून बोलावलं आणि त्यांच्या प्रयोगातल्या एका काळ्या उंदराच्या उरलेल्या पेशी मागून आणल्या. त्याच व्हायलमधली अँटीबॉडी, तेच मशीन. या वेळी नळी मला लावायला सांगितली. पडद्यावर एका कोपऱ्यात छोटासा, ठसठशीत पुंजका उमटला. नॅचरल किलर पेशी. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट फारशी बघितलेली नाही.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "जा घरी. जेवली नसशील."

सोमवारी सकाळी लॅबची बैठक असायची. मॅडम एरवी बसून बोलायच्या, त्या दिवशी उभ्या राहिल्या.

"शैलेंद्रच्या प्रयोगाबद्दल. व्हायल उत्तम आहे, ती कधीच गोठलेली नव्हती. मी तपासली. चुकीच्या जातीचे उंदीर आणले गेले. ते मी आणले. चूक माझी आहे. त्या जातीच्या उंदरांत चालणारी दुसरी अँटीबॉडी वरच्या मजल्यावर आहे, ती मी मागून ठेवली आहे. आजपासून ती वापरा."

 तिथे बसलेल्या एकानेही आपल्या साहेबाला उभं राहून असं बोलताना ऐकलं नसावं. मी तर नव्हतंच ऐकलं.

शैलेंद्र चाचरत म्हणाला, "पण मॅडम, सुकेशिनी तर स्वतःच म्हणाली की तिने..."

मला वाटलं, झालं. बनवलेला डेटा, आता सगळ्यांसमोर निघणार.

"ती घाबरली होती," मॅडम म्हणाल्या. "घाबरलेला माणूस वाटेल ते कबूल करतो. म्हणून तर आपण पडताळ्याला कंट्रोल लावतो. तूही लावायला हवा होतास. मणी तुझ्या हाताशी होते."

शैलेंद्रचे कान लाल झाले. तो सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी, सुकेशिनी."

आणि सवय ती सवय, मी पटकन म्हणाले, "सॉरी, सॉरी."

सगळी लॅब खो खो हसली. मॅडमही हसल्या, ते मी पहिल्यांदा बघितलं.

नव्या अँटीबॉडीने त्याच आठवड्यात पांढऱ्या उंदरांच्या पेशी दिसल्या. आधीपासून होत्याच त्या. औषध दिलेल्यांत जास्त, न दिलेल्यांत कमी, शैलेंद्रने लिहिलं होतं तशाच. त्याचा लेख छापून आला. माझं कंत्राट वाढलं आणि पुढे मॅडमच्याच हाताखाली पीएचडीही झाली. आज मी अशाच एका मशीनच्या खोलीची प्रमुख आहे. मला या वाटेवर पुष्कळांनी मदत केली, कुणी पुस्तकं दिली, कुणी राहायला जागा दिली. त्या सगळ्यांची मी आभारी आहे. पण मॅडमचं मी जे देणं लागते ते त्यांत बसत नाही. त्यांना माझी कबुली आयती मिळाली होती. ती घेऊन त्या शुक्रवारीच घरी जाऊ शकत होत्या, आणि पांढऱ्या उंदरांची गोष्ट कदाचित कधीच बाहेर आली नसती.

बाबांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते एसटीच्या भाषेत सांगावं लागलं. म्हटलं, "बाबा, गाडी होती, गाडी धावतही होती. फक्त पाटी दुसऱ्या लिपीत होती, आणि आम्ही आपले गाडीच आली नाही म्हणून ओरडत होतो." ते त्यांना लगेच कळलं. त्यांना कळत नव्हतं ते दुसरंच.

"म्हणजे तू चुकलं म्हणलीस, तरी त्यांनी तपासलं?"

"हो."

"सुट्टीच्या दिवशी? स्वतः?"

"हो, बाबा."

 मागे कुणीतरी केबिनच्या खिडकीशी येऊन सोलापूरची गाडी कधी म्हणून विचारत होतं, त्याला बाबांनी उत्तरच दिलं नाही. मग म्हणाले, "मी येतो पुण्याला."

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला ते खरंच आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कडक भाकऱ्या आणि शेंगाच्या चटणीची पिशवी. मी त्यांना मॅडमच्या खोलीत नेलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या, "या, बसा" म्हणाल्या. बाबा बसले नाहीत. वरच्या माणसासमोर बसायचं त्यांच्या अंगवळणीच नव्हतं.

"तुम्ही बसल्याशिवाय मलाही बसता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा ते खुर्चीच्या कडेला टेकले. पिशवी पुढे सरकवली. काय काय बोलायचं हे त्यांनी गाडीत बसून ठरवलं असणार, कारण त्यांनी घसा साफ केला, हात जोडले आणि सुरुवात केली, "मॅडम, पोरीला शानपण मीच शिकवलं व्हतं. चुकलं म्हण म्हणून. तुम्ही तिला..." आणि तिथेच ते अडकले. पुढचं ठरवलेलं काही त्यांना आठवेना.



"एवढ्या वर्षांत," बाबा खाली बघत म्हणाले, "किती येळा चुकलं म्हणलो, त्याचा हिशेब न्हाई. केलेलं थोडं, न केलेलं जास्त. पर माझं कुणी आसं तपासून बघितलं न्हाई, मॅडम. एकदाबी न्हाई."

मॅडमनी पिशवी आपल्याकडे ओढून घेतली, तिच्या गाठीशी त्यांचे हात थोडा वेळ तसेच राहिले.

"माझंपण नाही, मिरगणे साहेब," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गाठ सोडली आणि आम्ही तिघांनी ती भाकरी तिथेच टेबलावर खाल्ली.